मीटर सहा किलोव्होल्ट दाखवतो, तरी शेळ्या बाहेर: झटका कुंपणाचं एक प्रकरण

हे प्रकरण एका भाऊ-बहिणीच्या शेळीपालनाचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. कुंपण उभं राहिल्यानंतर ते चालेनासं झालं, तेव्हा तपासणीसाठी मला बोलावलं आणि पुढच्या बदलांत मी सोबत होतो. झटका कुंपण (तारेत विजेचे क्षणिक झटके सोडणारं कुंपण) बसवणाऱ्यांपैकी बरेच जण नेमके इथेच अडतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

शेळ्या बावीस, मेंढ्या सात, शिवाय वेताप्रमाणे करडं. शेळ्यांपैकी काही शिंगाच्या, काही बिनशिंगी. जमिनीचा तुकडा लांबट आणि एका टोकाला उतरता, घेर सुमारे ४२० मीटर. एका अंगाला शेजाऱ्यांचा भाजीचा मळा, दुसऱ्या अंगाला वाहता रस्ता.

कुंपण हवं होतं ते फक्त अडवण्यापुरतं नाही. एकाच जागी शेळ्या चरत राहिल्या की गवत खुरटतं आणि जंतांचा त्रास वाढतो. लेंडीतून पडलेल्या अंड्यांमधून अळ्या होतात, त्या गवताच्या बुडाशी राहतात, आणि शेळी जितकी खाली चरते तितक्या जास्त पोटात जातात. तुकड्याचे चार भाग करून कळप फिरवायचा, एक भाग चरून झाला की त्याला पुरेशी विश्रांती द्यायची, असा बेत होता. सरकवता येणारं कुंपण त्यासाठी सोयीचं.

सुरुवात त्यांनी वीजवाहक जाळीने केली. जाळी उभी करायला सोपी, करडंही अडतात. पण एका शिंगाच्या बोकडाने चौकोनात डोकं घातलं आणि शिंगं अडकली. मशीन ठरलेल्या अंतराने झटके देत राहिलं, तो जितका ओढत होता तितकी जाळी गळ्याभोवती आवळत होती. बहीण जवळच होती, तिने आधी मशीन बंद केलं आणि मग जाळी कापली. बोकड वाचला. त्या दिवसानंतर जाळी गुंडाळून ठेवली आणि खांब रोवून पॉलीवायरच्या चार ओळी ओढल्या. पॉलीवायर म्हणजे प्लास्टिकच्या दोरीत विणलेल्या बारीक धातूच्या तारा. मशीन सौर, दर झटक्याला अर्धा ज्यूल देणारं. अर्थिंगला, म्हणजे वीज मातीतून परत मशीनपर्यंत आणायला, हाताशी असलेली लोखंडी सळई, दोन फूट आत ठोकलेली.

पावसाळाभर एकही जनावर बाहेर गेलं नाही.

अडचण

जमीन वाळली तशा शेळ्या निघायला लागल्या. आधी एक कबरी शेळी, मग तिच्यामागून तिची करडं, मग आणखी चार-पाच. शेजाऱ्यांच्या मळ्यात दोनदा नुकसान झालं. शेजारी समजूतदार होते, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की पुढच्या वेळी भरपाई घेणार. रस्त्याकडची भीती त्याहून मोठी होती.

गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की मीटर काहीच चूक दाखवत नव्हता. तारेवर ६.१ किलोव्होल्ट (एक किलोव्होल्ट म्हणजे हजार व्होल्ट). शेळ्यांसाठी ४ ते ५ किलोव्होल्ट पुरेसे मानतात. मशीन टिकटिकत होतं, दिवा लागत होता. भावाचं मत ठाम होतं: "ताई, मशीनच कमजोर आहे. दुप्पट ताकदीचं आणू या." बहिणीचं म्हणणं, "पावसाळ्यात हेच मशीन होतं ना? तेव्हा कसं चाललं?"

तिचा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा होता.

तपासणीत काय दिसलं

मी आधी मीटर काढला नाही. बाजूला उभं राहून कबरी काय करते ते पाहिलं. ती तारेपाशी आली, नाकाचे केस जवळजवळ तारेला लागतील इतकी मान पुढे नेली आणि थांबली. मग कडेकडेने चालत गेली. एका जागी जमिनीत पाण्याच्या ओघाने पडलेली घळ होती. तिथे खालची तार जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर आली होती, बाकी ठिकाणी २०. कबरी पुढच्या गुडघ्यांवर बसली, डोकं खाली घातलं आणि पुढे सरकली. तार तिच्या पाठीवरून घासत गेली. झटका लागला असावा, कारण अंग शहारलं. पण तोपर्यंत ती अर्धी पलीकडे होती, आणि दचकून पुढेच पळाली.

इथे दोन गोष्टी कळल्या. नाकावर झटका बसला तर जनावर मागे हटतं. मान पलीकडे गेल्यावर बसला तर ते पुढे धावतं. म्हणजे तारेची उंची नाकाच्या उंचीशी जुळायला हवी, आणि जमीन वरखाली असेल तर तारेनेही वरखाली जायला हवं. दुसरं म्हणजे पाठीवरच्या कोरड्या केसांतून झटका फारसा आत जात नाही. सगळ्यात चांगला जातो तो ओलसर नाकातून.

मग प्रश्न उरला तो नाकावरच्या झटक्याचा. बाकीच्या शेळ्या तारेला नाक लावून नुसतं झटकत होत्या आणि पुन्हा लावत होत्या. ६ किलोव्होल्टला असं होत नाही.

कारण समजण्यासाठी विजेचा रस्ता डोळ्यांपुढे आणावा लागतो. मशीनमधून तार, तारेतून शेळीचं नाक, नाकातून अंग, अंगातून खूर, खुरातून माती, मातीतून अर्थिंगची सळई, आणि सळईतून परत मशीन. हा फेरा पुरा झाला तरच झटका. निम्मा रस्ता जमिनीतून जातो. मीटर मात्र अगदी थोडी वीज घेऊन आकडा दाखवतो, त्यामुळे परतीचा रस्ता खराब असला तरी त्याला आकडा चांगलाच दिसतो. शेळीला झटका जाणवण्यासाठी जितका प्रवाह लागतो तितका त्या कोरड्या मातीतून आणि गंजलेल्या सळईतून येतच नव्हता.

याची खात्री करायची एक जुनी, सोपी चाचणी आहे. मशीन बंद करायचं, मशीनपासून किमान १०० मीटर लांब जाऊन काही लोखंडी सळया जमिनीत रोवून तारेला टेकवायच्या, मग मशीन चालू करायचं. तारेवरचा विजेचा दाब (व्होल्टेज) २ किलोव्होल्टच्या खाली आला पाहिजे. तसा आला की अर्थिंगच्या सळईवर मीटरचं एक टोक लावायचं, दुसरं शक्य तितक्या लांब मातीत खुपसायचं. तिथे ०.३ किलोव्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग अपुरं.

आम्ही हे केलं, तर पहिल्या ठिकाणी दाब उतरेचना. चार सळया टेकवूनही ४.६ किलोव्होल्ट. थेट जमिनीला टेकवलेल्या तारेतूनही वीज मातीत शिरत नव्हती, इतकी वरची माती कोरडी होती. पाण्याच्या हौदापाशी ओल होती, तिथे सळया लावल्या तेव्हा दाब १.७ वर आला आणि अर्थिंगच्या सळईवर १.४ किलोव्होल्ट दिसले. सळई हाताने हलवली तर हलत होती. बाहेर काढली तेव्हा गंजाचे पापुद्रे हातात आले.

म्हणजे दोष दोन होते आणि ते वेगवेगळे होते: मशीनपाशी अर्थिंग खराब, आणि शेळीच्या खुराखालची माती कोरडी. पहिला सुधारून दुसरा सुधारत नाही. पुढचे सगळे निर्णय या फरकावर उभे आहेत.

कोणते पर्याय समोर होते

मोठं मशीन हा भावाचा पर्याय. त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. गवत तारेला टेकून वीज गळते तिथे ताकदीचा उपयोग होतो. १९६२ साली न्यूझीलंडमध्ये डग फिलिप्स यांनी कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एकदम सोडणारं मशीन बनवलं, तेव्हापासून लांबवरची, गवतातली कुंपणंसुद्धा जिवंत ठेवता येतात. पण इथे मुख्य दोष गळतीचा नव्हता, वीज परत येत नव्हती. अडलेल्या रस्त्यावर जास्त ताकद ढकलून फार काही हाती लागत नाही.

एका परिचिताने घरातली लाइन थेट तारेला जोडायचा सल्ला दिला होता. यावर मी चर्चासुद्धा करत नाही. झटका मशीनचा प्रत्येक झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा असतो, आणि दोन झटक्यांत साधारण सेकंदभराची उसंत असते. त्या उसंतीत माणूस किंवा जनावर हात, तोंड काढून घेऊ शकतं. आयईसी ६०३३५-२-७६ या आंतरराष्ट्रीय मानकाने ५०० ओहमच्या भारावर एका झटक्याची ऊर्जा ५ ज्यूलपर्यंत मर्यादित केली आहे, ती यासाठीच. घरातली लाइन सोडत नाही. स्नायू आवळतात, हात तारेवर चिकटतो आणि हृदय थांबतं. त्या कुंपणाने माणसं मरतात.

खांबांवर जुनी काटेरी तारही होती. तिलाच वीज जोडली तर काम होईल का, असं बहिणीने विचारलं. नाही. काट्यात कपडा, कातडी किंवा लोकर अडकली की सुटता येत नाही, आणि झटके चालूच राहतात. आम्ही ती तार काढूनच टाकली.

उरले दोन खरे पर्याय. एक, फक्त अर्थिंग सुधारायचं आणि जमीन ओली होईपर्यंत रोज कुंपणालगत पाणी मारायचं. कमी खटाटोप, पण ४२० मीटर रोज भिजवणं टिकणारं नव्हतं. दोन, अर्थिंग सुधारायचं आणि शिवाय काही तारा अर्थिंगला जोडून कुंपणातच परतीचा रस्ता द्यायचा. शेळीने दोन तारांमध्ये डोकं घातलं की एका बाजूला गरम (मशीनने वीज सोडलेली) तार, दुसऱ्या बाजूला अर्थिंगची तार. मातीवर अवलंबून राहावंच लागत नाही.

मी दुसऱ्याच्या बाजूने होतो, पण त्याचा धोका सांगूनच. गरम आणि अर्थिंगची तार जवळजवळ असतात. एक जरी सैल पडून दुसरीला टेकली तर सगळं कुंपण मेलं. तारा ताठ ठेवायची शिस्त लागते. बहिणीने ती जबाबदारी घेतली, तेव्हा ठरलं.

कबरीचा निर्णय वेगळा होता आणि जड होता. एकदा बाहेर पडायचं शिकलेलं जनावर इतरांना शिकवतं. बहीण तिला विकायच्या मताची होती. भावाला ते नको होतं. दुधाला ती सगळ्यांत चांगली. ठरलं ते असं की तिला आधी वेगळं ठेवायचं, नव्या कुंपणावर पुन्हा शिकवायचं, आणि तरीही निघाली तर विकायची. हे आधीच ठरवून ठेवलं ते बरं झालं. शेळी पुन्हा निघाल्यावर रागाच्या भरात असे निर्णय नीट होत नाहीत.

काय केलं

अर्थिंग आधी. मशीनजवळची जागा कोरडी आणि उंच होती, म्हणून अर्थिंग तिथेच हवं हा हट्ट सोडला. जमीन उतरत जाते तिथे, हौदाचं सांडपाणी मुरतं त्या बाजूला, १.८ मीटर लांबीच्या तीन गॅल्वनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) सळया एकमेकींपासून ३ मीटर अंतरावर ठोकल्या. तिन्ही एकाच अखंड गॅल्वनाइज्ड तारेने, क्लॅम्प आवळून जोडल्या. गुंडाळून बांधलेला जोड काही महिन्यांत गंजतो, आणि तांबं व जस्ताचा मुलामा एकत्र आले तर आणखी लवकर. घराच्या विजेच्या अर्थिंगपासून १० मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवलं. मीठ ओतायचा सल्ला कुणीतरी दिला होता, तो टाळला. मिठाने सळया गंजतात.

मग तारा. बाहेरच्या घेरावर पॉलीवायरच्या जागी २.५ मिलिमीटर जाडीची गॅल्वनाइज्ड तार घेतली. पॉलीवायर सरकवायला छान, पण लांब अंतरावर तिचा विरोध खूप, त्यामुळे शेवटच्या टोकाला दाब पडतो. ती फक्त आतल्या विभागणीसाठी ठेवली. जमिनीपासून उंची अशी: १५ सेंटीमीटरवर गरम, ३० वर अर्थिंग, ४५ वर गरम, ७० वर अर्थिंग, १०० वर गरम. घळीच्या जागी जादा खांब रोवून खालची तार घळीच्या आकाराने खाली उतरवली. अर्थिंगच्या तारा एका स्विचमधून घेतल्या, म्हणजे पावसाळ्यात जमीन ओली असताना त्याही गरम करता येतात. म्हणून त्या तारांनाही खांबांवर इन्सुलेटरच (वीज खांबात जाऊ न देणारे आधार) लावले.

फाटकाखालून जाणारी वायर घरगुती फिटिंगची होती. ती साधारण सहाशे-हजार व्होल्टसाठी बनलेली असते, इथे हजारोंनी व्होल्ट असतात. वरून ठीक दिसते, आतून मातीत वीज सोडत राहते. कुंपणासाठीच बनलेली दुहेरी आवरणाची वायर टाकली. खांबांना इन्सुलेटरऐवजी लावलेले पाइपचे तुकडेही बदलले. उन्हाने ते तडकले होते आणि दव पडलं की तिथून ठिणगीचा टक्-टक् आवाज यायचा.

रस्त्याच्या बाजूला सूचनेच्या पाट्या लावल्या. शेजाऱ्यांच्या मुलांना मशीन बंद ठेवून कुंपण दाखवलं: तारेखालून रांगायचं नाही, डोकं तारेजवळ न्यायचं नाही, काही अडकलं तर आधी हे बटण. घरात कुणाला पेसमेकर आहे का, हेही विचारून घेतलं.

शेवटी शिकवणी, आणि हे काम लोक सर्रास सोडून देतात. झटका कुंपण शरीराने अडवत नाही. जोर लावला तर शेळी ते सहज तोडेल. अडवते ती आठवण. म्हणून पहिली आठवण पक्की बसली पाहिजे. पक्क्या जाळीच्या वाड्यात आतल्या बाजूने एक गरम तार नाकाच्या उंचीला ओढली. तारेलगतची जमीन पाण्याने भिजवली, म्हणजे पहिलाच झटका पुरता लागेल. शेळ्यांना पोटभर चारून आत सोडलं आणि आम्ही बाजूला झालो. हाकललं, घाबरवलं तर शेळी तारेतून पळते आणि उलटंच शिकते. आपणहून, कुतूहलाने, नाक पुढे करून तारेला लागली तर धडा बसतो. दोन दिवस त्यांना तिथे ठेवलं.

मेंढ्यांचं वेगळं. लोकर वीज आत जाऊ देत नाही. त्यांची शिकवणी लोकर कातरल्यावर लगेच घेतली.

निष्पत्ती

तीच चाचणी पुन्हा केली तेव्हा अर्थिंगच्या सळयांवर ०.२ किलोव्होल्ट दिसले. लांबच्या टोकाला तारेवर ५.४. मशीन तेच जुनं, अर्ध्या ज्यूलचं. भावाने मोठ्या मशीनसाठी बाजूला काढलेले पैसे तारेत आणि खांबांत गेले.

उरलेल्या कोरड्या महिन्यांत कळप आत राहिला, दोन प्रसंग सोडून. एकदा वाऱ्याने वाळकी फांदी पडून ४५ आणि ७० वरच्या तारा एकमेकींना टेकल्या. रात्रभर कुंपण मेलेलं होतं. सकाळच्या मोजणीत ते कळलं, तोवर कुणी बाहेर गेलं नव्हतं. शिकवणीचा उपयोग अशा वेळी दिसतो. दुसऱ्यांदा सलग ढगाळ हवेत बॅटरी उतरली आणि कबरी एकटी निघाली. बाकीच्या तारेजवळही गेल्या नव्हत्या. ती मात्र अधूनमधून तार तपासत असणार. ठरल्याप्रमाणे ती विकली गेली, बंदिस्त गोठ्यात शेळ्या ठेवणाऱ्या एका ओळखीच्या घरी. भावाला वाईट वाटलं. निर्णय मला तरीही योग्यच वाटतो.

दोन मेंढ्यांनी शेवटपर्यंत त्रास दिला. लोकर वाढली तशी त्या डोक्याने तार रेटत राहिल्या. त्यांना आतल्या भागात, पॉलीवायरऐवजी पक्क्या जाळीच्या बाजूला ठेवावं लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

अर्थिंगची चाचणी कुंपण उभारतानाच, आणि शक्य तर वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात करायला हवी होती. पावसाळ्यात उभारलेलं कुंपण पहिल्याच दिवशी उत्तम चालतं आणि म्हणून कुणी चाचणी करत नाही. चार महिने चाललेलं कुंपण बिघडलं की संशय मशीनवर जातो, कारण बदलणारी माती डोळ्यांना दिसत नाही.

रोजची नोंद दुसरी गोष्ट. आता बहीण रोज सकाळी सर्वांत लांबच्या टोकाला मोजते आणि भिंतीवरच्या कागदावर आकडा लिहिते. एकेका आकड्यात फारसं कळत नाही, पण ५.४, ५.३, ४.९, ४.२ असा उतार दिसला की गवत वाढलंय किंवा बॅटरी दमलीय हे शेळ्यांच्या आधी तिला कळतं. ही सवय सुरुवातीपासून असती तरी अर्थिंगचा दोष मीटरने सांगितला नसता, पण फाटकाखालची गळती आणि तडकलेले पाइप कितीतरी आधी सापडले असते.

घेराचे तुकडे करणारे स्विच आम्ही दोनच बसवले. चार असते तर बिघाड शोधायला सगळा घेर चालावा लागला नसता. एकेक भाग तोडून मीटर बघितला की दोष कुठे ते कळतं. हे या वर्षी करायचं आहे.

करडांचा प्रश्न मात्र अजून पूर्ण सुटलेला नाही. १५ सेंटीमीटरखालून नवजात करडू निसटतं आणि त्याला झटका लागलाच तर केसांवर. तार आणखी खाली घेतली तर गवत टेकतं. बहिणीला गुंडाळून ठेवलेली वीजवाहक जाळी फक्त करडांसाठी वापरावीशी वाटते, समोर कुणी असेल तेवढ्या वेळापुरती. मी त्या विरोधात आहे, कारण करडू लहान असलं तरी जाळीत मान अडकवायला पुरेसं मोठं असतं, आणि माणूस पाच मिनिटांसाठी तरी उठतोच. सध्या करडं आणि त्यांच्या आया विण्याच्या वाड्यात, वीज नसलेल्या पक्क्या जाळीत राहतात. नाक खालच्या तारेच्या वर आलं की आईसोबत शिकवणीच्या वाड्यात जातात, आणि तिथून बाहेर.